शुक्रवारी सगळी लॅब सौनाला चाललीये. मी काय करू?

भिडस्त_भिंगरी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ. विषय अवघड जागेच्या दुखण्यासारखा आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स करतेय. शहराचं नाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि मराठी माणूस कुठेही भेटतो. आल्या आल्या विद्यापीठाच्या क्रीडाविभागात पोहण्याचा वर्ग लावला. पहिल्या दिवशी पोहून शॉवरला गेले, तर एकच मोठी खोली. ओळीनं दहा-बारा शॉवर, मध्ये ना भिंत ना पडदा. बायका अंगावर चिंधीही न ठेवता निवांत साबण लावतायत आणि सुट्टीत कुठे जायचं याच्या गप्पा मारतायत. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या. मी पोहण्याच्या कपड्यांवरूनच शॅम्पू ओतला, डोळे मिटले आणि दोन मिनिटांत बाहेर. जाता जाता आजींनी ऐकवलंच, "अगं, असं केलंस तर क्लोरीन अंगावरच राहील." म्हणजे लाज मलाच वाटायची आणि चूकही माझीच!

पुढचा महिनाभर ओल्या कपड्यांवर जाड कोट चढवून खोलीवर येऊन आंघोळ करत होते. नोव्हेंबरात. सर्दी झाली ती वेगळीच.

आता मूळ प्रश्न. मी एका रिसर्च ग्रुपमध्ये हिवी म्हणून काम करते (विद्यार्थी मदतनीस, आठवड्याला ठरावीक तास). ग्रुपची नाताळाआधीची सहल आहे, गरम पाण्याच्या थेर्मेला (मोठं सार्वजनिक स्नानगृह). मेलमध्ये लिहिलं होतं की सौनाचा, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या लाकडी खोल्यांचा, भाग 'टेक्स्टीलफ्राय' आहे. मला वाटलं, तिथे टॉवेल मिळत नसतील, आपापले न्यायचे. मग शब्द शोधला आणि हातपाय गार पडले. वस्त्रमुक्त! आणि स्त्रीपुरुष एकत्र!

येणाऱ्यांत कोण कोण, तर एक पोस्टडॉक (पीएचडी झालेले संशोधक), ज्यांच्याबरोबर रोज एकाच मायक्रोस्कोपवर काम करते ते दोन मुलगे, एक पीएचडीवाली मुलगी, आणि कदाचित खुद्द प्राध्यापक. नाही म्हटलं तर ही मिसळतच नाही असं वाटेल. हो म्हटलं तर सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणाच्या तोंडाकडे बघू?

प्लीज कुणी 'रोमात असताना रोमन व्हा' म्हणू नका. ते मला माहितेय.

कावळा_उवाच

खुर्ची टाकून बसलो आहे. येऊ द्या.

उत्तरध्रुव

भिंगरी, आधी दीर्घ श्वास घे. मी सहा वर्षं फिनलंडमध्ये आहे, त्यामुळे सौनाबद्दल थोडं बोलू शकते. जर्मन पद्धत आणि इकडची पद्धत यांत फरक आहे, तेही सांगते.

इथे साधारण ५५ लाख माणसं आणि तीस लाखांहून जास्त सौना. २०२० मध्ये युनेस्कोनं वारशाच्या यादीतच घातलाय. संसदेत सौना, वकिलातींमध्ये सौना. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष केक्कोनेननी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना सौनात बसवून रात्र जागवली होती. तर अशा ठिकाणी तुझी लाज कुणाला विशेष वाटतच नाही. माझ्या विद्यार्थी वसतिगृहाच्या तळघरातही एक होता. प्रत्येकाला आठवड्याचा तास बांधून दिलेला, शिवाय बायकांची पाळी वेगळी आणि पुरुषांची वेगळी. सार्वजनिक तरणतलावांतही स्त्रियांचा सौना वेगळाच असतो. स्विमसूट घालून आत बसायला मात्र बंदी, कारण क्लोरीन भिजलेला कपडा गरम झाला की वास आणि वाफ सगळ्यांच्या नाकात.

पहिल्या वेळी मी टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसले होते. पाच मिनिटांनी ऐंशी-नव्वद अंश तापमानात टॉवेलच नकोसा झाला. लाज वगैरे काही नाही, निव्वळ उकाडा! कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इथे म्हणतात की सौनात चर्चमध्ये वागतो तसं वागावं, आणि खरंच तसंच वागतात. एकजण दगडांवर पाणी टाकतो, वाफ उठते, सगळे गप्प.

पण मिश्र प्रकार इथे सहसा कुटुंबात किंवा जवळच्या मित्रमंडळीत, तोही ठरवून. जर्मनीत अनोळखी स्त्रीपुरुष सरसकट एकत्र बसतात. हे ऐकून माझ्या फिनिश मैत्रिणी भुवया उंचावतात. तेव्हा 'युरोपात असंच असतं' यावर विश्वास ठेवू नकोस.

रिकामटेकडा_१

पत्ता मिळेल का? ग्रुपला अजून एक हिवी हवा असेल तर सांगा. ;)

चष्मिष्ट

आलेच! रिकामटेकडा, मुलीनं संकोचून प्रश्न विचारलाय आणि तुम्हाला पत्ता हवाय. अशा माणसाला तिथे पहिल्या पाच मिनिटांत बाहेर काढतात. टक लावून बघणाऱ्याची तक्रार केली की कर्मचारी हाकलतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हातारा होता, जर्मनच होता. म्हणजे 'तिकडे कुणी बघतच नाही' हेही शंभर टक्के खरं नाही. बघणारे बघतात. फक्त बघणं हा तिथे गुन्ह्याच्या जवळचा असभ्यपणा मानला जातो, त्यामुळे लाज बघणाऱ्याला वाटायची असते.

रिकामटेकडा_१

विनोद होता. हलके घ्या.

संपादक

विषयाला धरून लिहावे. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

आडवाटेचा_काका

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मुलगी शिकायला गेली आहे. शिक्षण घ्यावे, परत यावे किंवा तिथे राहावे, पण कपडे उतरवणे हा अभ्यासक्रमाचा भाग कधीपासून झाला? आम्हीही अमेरिकेत राहिलो, १९८८ ते ९३. कुणी जबरदस्ती केली नाही. मनाला पटत नाही ते करू नये. एवढे साधे आहे.

चष्मिष्ट

काका, 'मनाला पटत नाही ते करू नये' याच्याशी सहमत. पण तिच्या मनाला पटतंय की नाही तेच तर ती विचारतेय, तुम्ही आधीच उत्तर देऊन टाकलंत. आणि १९८८ ला अमेरिकेतल्या जिमचे पुरुषांचे शॉवर कसे होते ते सांगा की!

आडवाटेचा_काका

हा हा. सापडलो. खांबाला चारी बाजूंनी नळ आणि खांबाभोवती आठ उघडे बाप्ये. पहिले सत्र मी आंघोळ न करताच वर्गात जात असे. नंतर सवय झाली. पण ते फक्त पुरुष होते, हा फरक लक्षात घ्यावा.

याहून जुनी गोष्ट तिथल्या एका वयस्कर सहकाऱ्याने सांगितली होती. त्याच्या लहानपणी वायएमसीएच्या तलावात मुलांना आणि पुरुषांना विवस्त्रच पोहावे लागे, कपडा घालून पाण्यात उतरायला मनाई! लोकरीच्या पोहण्याच्या कपड्यांचे धागे गाळणीत अडकत, शिवाय स्वच्छतेचा मुद्दा. १९६० च्या दशकापर्यंत हे बऱ्याच ठिकाणी चालू होते. आणि आता त्याच देशातली मुले सौनात पोहण्याचा कपडा घालून बसतात. त्यामुळे 'पाश्चात्य म्हणजे निर्लज्ज' असे मी म्हणत नाही. एका पिढीत उलटेसुलटे होते.

भिडस्त_भिंगरी

काका, खांबाचं वाचून खूप हसले. बरं वाटलं. आणि हो, आमच्या वर्गात एक अमेरिकन मुलगी आहे, ती त्या शॉवरच्या खोलीतून माझ्याहून जोरात पळाली होती!

पुस्तककिडा

थोडं अवांतर, पण विषयाशी लागून आहे.

जर्मन माणसाला लाज नाही असं वाटत असेल तर त्याच्या घराचा फोटो काढून बघा. २०१० मध्ये गूगलनं स्ट्रीट व्ह्यू आणला तेव्हा दोन लाख चव्वेचाळीस हजार घरांनी अर्ज करून आपल्या भिंती पुसट करून घेतल्या. भिंती हो! माणसं नव्हे, विटा. पुढे कित्येक वर्षं गूगलनं तिथली चित्रं ताजी करायचंच सोडून दिलं होतं.

याचं मूळ बरंच मागे जातं. ३० जुलै १८९८ ला बिस्मार्क वारला. त्याच रात्री दोन फोटोग्राफर चोरून त्याच्या खोलीत शिरले आणि शवाचा फोटो काढला. घरच्यांनी कोर्टात खेचलं, तर पंचाईत अशी की फोटोविरुद्ध कायदाच नव्हता. शेवटी घरात घुसखोरी केली या मुद्द्यावर निकाल लावावा लागला. त्यानंतर १९०७ मध्ये कायदा आला: माणसाच्या संमतीवाचून त्याचं चित्र प्रसिद्ध करायचं नाही. आजही लागू आहे. २००४ पासून तर कपडे बदलण्याच्या जागेसारख्या खासगी ठिकाणी चोरून फोटो काढणं हा फौजदारी गुन्हा आहे.

त्याच काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, तिकडे मुक्तदेह चळवळही मूळ धरत होती. धुरानं काळवंडलेल्या कारखान्यांच्या शहरांतून बाहेर पडून ऊन-वारा अंगावर घ्यायचा, असा तो आरोग्याचा विचार. नाझींनी आधी संघटना बंद केल्या, मग आपल्या सोयीनं वळवून घेतल्या. पुढे पूर्व जर्मनीत तर बाल्टिक किनाऱ्यावर उघड्यानं पोहणं ही अख्ख्या कुटुंबाची सुट्टी झाली. म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमध्ये आजही शहराच्या मधोमध लोक तसे ऊन खात पडलेले असतात, बाजूनं सायकली जात असतात.

म्हणजे एकाच समाजानं अंग मोकळं सोडलं आणि चित्रावर कुलूप घातलं. सौनात फोन न्यायला बंदी असते ती याच मुळे, आणि फोन नाही म्हणूनच माणसं मोकळी बसू शकतात.

चष्मिष्ट

हे छान सांगितलंत. फक्त एक जोडते. त्या समाजातही 'अंग मोकळं' हे सगळ्यांना सारखं नव्हतं. बर्लिनच्या सार्वजनिक तलावांत बायकांनी पुरुषांसारखं वरच्या कपड्याशिवाय पोहलं तर चालेल, हे स्पष्ट व्हायला मार्च २०२३ उजाडला, तेही एका बाईला तलावावरून घालवून दिल्याची तक्रार झाल्यावर.

मुक्काम_पोस्ट

माझा उलटा किस्सा. मी फ्रान्समध्ये होतो. सार्वजनिक तलावावर गुडघ्यापर्यंतची सैलसर बर्म्युडा घालून गेलो. अंग झाकलंय, सभ्य दिसतोय. रक्षकानं बाहेर काढलं! अंगाला घट्ट बसणारी छोटी चड्डीच हवी, कारण सैल चड्डी माणूस रस्त्यावरही घालून हिंडतो आणि धूळ पाण्यात येते, असा त्यांचा हिशोब. वर टोपी सक्तीची. तिथेच यंत्रातून चड्डी विकत घेतली. ती घालून तलावापर्यंतचे वीस पावलं चाललो ते आयुष्यातलं सर्वांत लांब अंतर.

तोच नियम दुसऱ्या टोकाला बुर्किनीलाही (मुस्लिम बायकांचा अंगभर पोहण्याचा पोशाख) लागतो. ग्रेनोबल शहरानं २०२२ मध्ये मुभा दिली होती, पण जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती रोखली. तिथे मात्र सगळं प्रकरण स्वच्छतेपुरतं नाही, हे कुणालाही कळतं.

आणि आइसलंडला गेलात तर आधीच तयारी ठेवा. तलावात उतरण्याआधी कपडे काढून साबणानं आंघोळ सक्तीची. भिंतीवर माणसाचं चित्र असतं आणि डोकं, काखा, जांघा, पावलं लाल रंगानं दाखवलेली. नीट धुतलं की नाही बघायला माणूस असतो. पाण्यात क्लोरीन अगदी कमी घालतात, म्हणून.

निळी_छत्री

जपानमधून. इथे ओन्सेन आणि सेन्तो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहं. जवळपास सगळीकडे बायका-पुरुष वेगळे, पण आत कपडा शून्य. आधी बुटक्या स्टुलावर बसून रगडून आंघोळ, मगच गरम पाण्यात. पंच्यासारखा एक छोटा रुमाल देतात, तो पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. अंगावर गोंदवलेलं असेल तर बऱ्याच ठिकाणी प्रवेशच नाही.

गंमत पुढे आहे. माझ्या सेन्सेईंच्या (प्राध्यापकांच्या) पत्नी आणि मी एका कुंडात तासभर बसलो होतो, काही नाही. पण पुढच्या आठवड्यात मी जरा खोल गळ्याचा टॉप घालून सेमिनारला गेले तर सीनियर मुलीनं बाजूला घेऊन हळूच स्कार्फ दिला! आखूड स्कर्ट चालतो, उघडे खांदे आणि गळा खटकतो. मी ठरवलं की इथे तर्क शोधत बसायचं नाही, नकाशासारखं पाठ करायचं.

अबोली_

हा धागा तीन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

सगळे संस्कृतीबद्दल लिहितायत. माझा प्रश्न तो नव्हताच. माझ्या पोटावर आणि मांडीवर भाजल्याचे जुने व्रण आहेत. घरातही मी कुणासमोर कपडे बदललेले नाहीत. जर्मनीतच होते, दोन वर्षं. डॉक्टरकडे गेले तर 'कमरेवरचं काढा' म्हणाले आणि टाइप करत बसले. गाऊन नाही, चादर नाही, पडदा नाही. मी तशीच उभी. रडू आलं. डॉक्टर वाईट नव्हते, त्यांना कळलंच नाही काय झालं ते. नंतर मैत्रिणीनं सांगितलं की आधी वरचं काढून तपासून घे, ते घाल, मग खालचं, असं म्हणायचं. ते लगेच ऐकतात. इंग्लंडमध्ये मात्र अशा तपासणीला सोबत तिसरी व्यक्ती हवी का, असं डॉक्टरांनीच विचारायचं असतं. जर्मनीत तोंड उघडून मागावं लागतं.

सौनाला एकदा गेले. फक्त बायकांचा दिवस असतो, बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एकदा, तेव्हा. व्रण दिसत होते. समोर एक बाई होत्या, एक स्तन काढलेला. आम्ही दोघी घामाघूम होऊन लाकडाकडे बघत बसलो. एवढंच. त्यातून मी 'बरी' वगैरे झाले नाही, अजूनही दार लावूनच कपडे बदलते. पण तो दिवस आठवतो.

भिंगरी, तुझ्या लॅबबरोबर जाऊ नकोस असं मला वाटतं. अनोळखी माणसांसमोर सोपं असतं. ज्यांच्याकडून पगार आणि शिफारसपत्र हवंय त्यांच्यासमोर नाही.

कावळा_उवाच

अबोली, प्रतिसादाला सलाम. खुर्ची घडी करून ठेवली.

उत्तरध्रुव

अबोलीशी सहमत. आणि एक व्यावहारिक माहिती, जी आधीच द्यायला हवी होती. थेर्मेत दोन भाग असतात. गरम पाण्याचे तलाव, तिथे पोहण्याचे कपडे सक्तीचे. आणि दाराआड सौनाचा भाग, त्याचं तिकीट बहुधा वेगळं. म्हणजे तू सहलीला जाऊ शकतेस, पाण्यात मजा करू शकतेस आणि ते दार ओलांडायचं नाही. कारण द्यायच्या भानगडीत पडू नकोस. डोकं दुखतंय, पाळी आहे, असं काही नको. 'दास इस्त निख्त्स फ्यूर मिख' म्हण, म्हणजे हे माझ्यासाठी नाही. जर्मन माणूस एवढ्यावर थांबतो. सबब सांगितलीस तर तो सबबीवर उपाय सुचवतो.

आडवाटेचा_काका

हे 'सबबीवर उपाय' अगदी खरे. गोळी काढून देतात.

भिडस्त_भिंगरी

शनिवार सकाळ. सगळ्यांना उत्तर द्यायचंय, पण आधी वृत्तांत.

बुधवारी धीर करून त्या पीएचडीवाल्या मुलीला विचारलं, तू जाणारेस का सौनात? ती मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढून म्हणाली, "बॉससोबत? वेडी आहेस का!" म्हणे, लहानपणापासून आईवडिलांबरोबर जातेय, अनोळखी लोकांसमोर काही वाटत नाही, पण पोस्टडॉकला उघडं बघायची तिची अजिबात इच्छा नाही. आणि कुणीतरी हे आधी म्हणावं म्हणून तीच वाट बघत होती. मी इथे 'जर्मन लोक' 'जर्मन लोक' करत तीन रात्री जागले, आणि शेजारच्या टेबलावरची जर्मन माझ्यासारखीच गप्प बसली होती.

तर शुक्रवारी आम्ही सात जणी-जण तलावातच होतो. प्राध्यापक छोट्या मुलाला घेऊन आले आणि पूर्ण वेळ घसरगुंडीच्या रांगेत उभे. सौनात गेले ते चौघं. मायक्रोस्कोपवाल्या दोघांपैकी एकजण गेला, एक नाही. न जाणाऱ्याला कुणी का विचारलं नाही.

पण खरं सांगू? रात्री आठनंतर मंडळी पांगली, तेव्हा ती मुलगी म्हणाली, आता चल, दहा मिनिटं. गेले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. अबोलीच्या प्रतिसादातली ती लाकडाकडे बघायची गोष्ट डोक्यात होती. आत सहा-सात माणसं होती, पुरुषही. मी टॉवेल अंथरला, बसले, समोरच्या घड्याळातल्या वाळूकडे नजर लावली. छातीत धडधड. मिनिटभरात मागून एक काकू करड्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं, झालं, माझ्या बसण्यात काहीतरी असभ्य दिसलं असणार. मैत्रिणीनं कानात सांगितलं, "पाय. पाय टॉवेलवर घे, लाकडाला घाम लागतोय."

जगासमोर उघडी बसलेय आणि ओरडा खाल्ला तो तळपाय टॉवेलबाहेर होते म्हणून!

परत कधी जाईन का, माहीत नाही. मिश्र तर बहुतेक नाहीच. शॉवरच्या खोलीत मात्र परवापासून नीट आंघोळ करायची ठरवलंय, भिंतीकडे तोंड करून का होईना. थंडी फार आहे.

आडवाटेचा_काका

भिंतीकडे तोंड करूनच आमचीही सुरुवात झाली होती.

मुक्काम_पोस्ट

एक शंका. पुढच्या महिन्यात बर्लिनला चाललोय, मित्र सौनाला नेणार म्हणतोय. टॉवेल साधारण केवढा लागतो? माझ्याकडे प्रवासाचा छोटा आहे.

भिडस्त_भिंगरी

छोटा नको! बसून पायही वर मावले पाहिजेत. मी न्हाणीतला मोठा नेला होता, तरी कमी पडला.

अबोली_

दोन न्या. एक बसायला, एक बाहेर आल्यावर गुंडाळायला. दारापर्यंतच्या वीस पावलांसाठी. :)